नऊ जणांचा श्वास

काळूराम जॉबरांची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी अर्धीच सांगते. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना मी श्वसनसंस्था शिकवते. फुफ्फुसात हवा कशी जाते, प्राणवायू रक्तात कसा उतरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर कसा पडतो आणि हे सगळं मोजणारी यंत्रं कशी बनवायची. मुलं हुशार आहेत, गणितं चुटकीसरशी सोडवतात. पण फुफ्फुसातल्या वातकोशांची भिंत जाड झाली तर काय होईल, असं विचारलं की पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवतात. तेव्हा मी त्यांना भिवंडीच्या एका जॉबरबद्दल सांगते. त्यांनी सातवीत शाळा सोडली होती आणि हा धडा मला त्यांच्याकडून कळला. मुलं हसतात, वहीत काहीतरी टिपून घेतात, तास संपतो. राहिलेली अर्धी गोष्ट आता लिहिते आहे. ती ऐकायचा पहिला हक्क काळूकाकांचा होता, पण ते आता नाहीत.

जॉबर म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा मिस्त्री. कारागीर लूम चालवतो, पण लूम अडला, ताणा तुटायला लागला, धोटा वाकडा पळायला लागला की हाक जॉबरला. काळूकाका मुनीरसेठच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर होते. उंचीला बेताचे, पण छाती दोन माणसांची. मानकोलीच्या अलीकडचं त्यांचं गाव. लहानपणी खाडीत बुड्या मारून ती छाती कमावली, असं ते सांगायचे आणि बुडी किती वेळ चालायची तो आकडा दर खेपेला वाढवायचे. खिशात पाना, कानावर पेन्सिल आणि एका डबीत गुळाचे खडे. कापसाची रुई घशात बसते ती गुळाने खाली उतरते, असा सगळ्या कारागिरांचा विश्वास. मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला, की काका, गूळ अन्ननलिकेत जातो आणि रुई श्वासनलिकेत, दोघांची गाठच पडत नाही. ते म्हणाले, "न्हाय पडंना. गोड तर लागतो." आणि एक खडा माझ्या हातावर ठेवला.

मी तिथे पोचले ती शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमुळे. माणूस जोरात श्वास सोडतो तेव्हा पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती, हे मोजणारं एक यंत्र मी बनवलं होतं. नळीत फुंकायचं, पडद्यावर रेघ उमटते. श्वासनळ्या मोकळ्या असतील तर रेघ झपकन वर चढते. नळ्या आवळलेल्या असतील तर ती रडतखडत जाते. यंत्र खरं ठरवायला मला तीस कामकरी माणसांचे श्वास हवे होते. भिवंडीतच टेमघरला वडिलांचं औषधांचं दुकान होतं आणि मुनीरसेठ तिथले जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "बेटी, कारखाना तुझाच समज. पण काळूला विचार. आत गेल्यावर माझंसुद्धा काही चालत नाही."

आत गेल्यावर कुणाचंच काही चालत नव्हतं, कारण काही ऐकूच येत नव्हतं. मी घसा फोडून माझा प्रोजेक्ट समजावत होते आणि काळूकाका शांतपणे माझ्या ओठांकडे पाहत होते. शेवटी त्यांनी बाहेर आणून सांगितलं, "हितं वरडाचं न्हाय. सावकास बोलाचं, समोरचा तोंड वाचतो." त्यांची दुसरी सवय हाताची. लूमजवळ गेले की आधी लोखंडी चौकटीवर तळवा टेकायचे आणि डोळे मिटायचे. "आवाजात आवाज घावत न्हाय. हाताला घावतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तळव्यानेच ते सांगायचे की पट्टा ढिला आहे की बेअरिंग गेलं आहे, आणि मग पाना काढायचे. मी तिथे असताना त्यांचा अंदाज एकदा चुकला. तो दिवसभर त्यांच्या जिवाला लागून राहिला.

माझ्याकडे एक छापील प्रश्नावली होती. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, पुढच्या दिवसांत ते कमी होतं. त्यामुळे प्रश्न होता, सोमवारी छाती जड होते का. मी एकेकाला विचारत गेले आणि एकेक जण नाही म्हणत गेला. मला वाटलं, बरे आहेत सगळे. काळूकाका मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, हितं सुट्टी शुक्रवारची. लूम शुक्रवारी बंद असतात. तू सोमवारचं विचारतेस तर त्यांनी काय सांगाचं?" मी भिवंडीत वाढलेली मुलगी. शुक्रवारी भिवंडीचा खडखडाट थांबतो हे मला जन्मापासून ठाऊक, आणि पुस्तक हातात आल्यावर तेवढंच नेमकं विसरले. पुन्हा फिरून शनिवारचं विचारलं. रामसजीवन नावाचा रातपाळीचा एक उंच, वाळलेला कारागीर जोडीदाराबरोबर पगार घ्यायला आला होता, उत्तर प्रदेशातला. तो हसून म्हणाला, "सनीचर को तो होता ही है दीदी. इतवार-सोमवार तक छाती मान जाती है." सोमवारची जागा शनिवारने घेतली आणि माझ्या अहवालातलं ते सर्वांत वाखाणलेलं पान ठरलं. त्या पानावर काळूकाकांचं नाव कुठेच नाही. पण ही चोरी तशी भुरटीच म्हणायची.

दुपारच्या जेवणाला ते मला समोर बसवायचे आणि धडा घ्यायचे. म्हणजे धडा मी द्यायचा आणि प्रश्न त्यांनी विचारायचे. हवा आत जाते इथपर्यंत त्यांना मान्य होतं. "पण हवेतून रगतात कशी जाते? भोक हाय का कुठं?" मी सांगितलं, भोक नाही. फुफ्फुसाच्या टोकाला बारीक बारीक कोश असतात, कोट्यवधी. त्यांच्या भिंतीच्या एका अंगाला हवा आणि दुसऱ्या अंगाला रक्त. भिंत इतकी पातळ की वायू आरपार जातात. प्राणवायू आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर. त्यांनी भाकरीचा घास हातातच ठेवला आणि विचार केला.

"म्हणजे कापडच की हे. मलमल."

"हो काका. मलमलीहून पुष्कळ पातळ."

"आन् त्याला खळ चढली तर?"

वातकोशाची भिंत जाड आणि ताठ झाली की वायूंची देवाणघेवाण मंदावते, हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहून गुण मिळवले होते. ते वाक्य खरं कशाबद्दल आहे हे मला त्या क्षणी समजलं. मी म्हटलं, मग प्राणवायू पलीकडे जायला वेळ लागतो, आणि माणूस चालायला लागला की पुरा पडत नाही. ते म्हणाले, "हां. खळ धुतली की जाते. ही जाते का?" मी म्हटलं, नाही जात. ते डबा झाकून उठले. माझे विद्यार्थी इथपर्यंतची गोष्ट ऐकतात.

यंत्रात फुंकणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. माणूस अर्ध्यात सोडतो, लाजतो, खोकतो. फुंकणाऱ्याला कसं चेतवायचं याच्या सूचना मी पाठ केल्या होत्या आणि त्या ऐकून कारागीर माझ्याकडे दयेने बघायचे. काळूकाकांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ताबा घेतला. फुंकणाऱ्याच्या पाठीवर तळवा टेकवायचे आणि म्हणायचे, "टाक. टाक. टाक. अजून हाय. अजून हाय. ढकल." त्या हाताखाली माणूस तळापर्यंत रिकामा व्हायचा. त्यांनी स्वतः फुंकून दाखवलं तेव्हा रेघ पडद्याबाहेर जायची बाकी राहिली. अगदी शेवटी, हवा संपली असं वाटत असताना, त्यांनी एक ठोसा दिला आणि रेघेच्या शेपटाला एक छोटा उंचवटा आला. "हा शेवटचा दाणा," ते म्हणाले. "पाखडलं की सुपाच्या कोन्यात राहतो त्यो." त्या दिवशी त्यांनी लागोपाठ चार वेळा फुंकलं आणि मग खुर्ची धरून बसले. बोटांना मुंग्या आल्या, डोकं गरगरलं. मी सांगितलं, काका, जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो, म्हणून होतं. ते खूश झाले. "म्हंजे ती घाण बी थोडी लागते माणसाला."

दिवसपाळीचे एकवीस जण मी मोजले. रातपाळीच्या नऊ जणांसाठी मला थांबता येईना, वडिलांनी साफ नकार दिला. यंत्र काळूकाकांच्या हवाली केलं. बटणं दाखवली, नावं लिहून दिली, आणि तीन दिवसांनी नऊच्या नऊ रेघा घेऊन मी कॉलेजात गेले.

प्रोजेक्ट दाखल करायच्या आदल्या दुपारी प्रयोगशाळेत मी सगळ्या रेघा एकावर एक ठेवून पाहत होते. दिवसपाळीच्या एकवीस रेघा एकवीस तऱ्हांच्या होत्या. रातपाळीच्या नऊ रेघा एकीवर एक बसल्या. उंच रामसजीवन आणि त्याच्या खांद्याला लागणारा त्याचा जोडीदार, दोघांची हवा सारखी. आणि नऊही रेघांच्या शेपटाला तो छोटा उंचवटा.

माणसाच्या सहीसारखा असतो त्याचा श्वास. मला ओळखायला पळभरही लागलं नाही. का ते समजायलाही फार वेळ लागला नाही. लूमवर बदलीची रीत आहे. एखाद्याला यायला जमलं नाही तर तो आपल्या जागी दुसऱ्याला उभं करतो, लूम चालू राहतो, कुणी काही विचारत नाही. रातपाळीच्या माणसांना धास्ती वाटली असणार की कागदावर छाती कमी भरली तर सेठ काढून टाकील. मग त्यांनी बदली मागितली आणि काळूकाकांनी ती दिली. लूमवर द्यायची तशीच.

मी काय केलं ते आता लिहिते. मी स्वतःला समजावलं की काळूकाका सगळ्यांना सारखंच शिकवतात, म्हणून शेपूट सारखं आलं असेल. हे खोटं आहे हे मला समजावतानाच ठाऊक होतं, कारण दिवसपाळीलाही त्यांनीच चेतवलं होतं आणि तिथे तसा उंचवटा एकाही रेघेला नव्हता. नव्याने मोजायला आठवडा लागला असता. आठवडा नव्हता, कॉलेजच्या बक्षिसाची यादी लागायची होती, आणि माझे सर म्हणाले होते की रातपाळीचे आकडे फार देखणे आले आहेत. मी नऊही रेघा अहवालाला जोडल्या. बक्षीस मिळालं. काळूकाकांना पेढे नेऊन दिले, त्यांनी ते सगळ्या कारखान्यात वाटले.

कॉलेजने छातीच्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, ज्यांचा श्वास कमी भरेल त्यांची तपासणी फुकट. दिवसपाळीतले तिघे गेले. औषधं सुरू झाली. मुनीरसेठनी कुणालाही काढलं नाही. तिघांना धुळीतून उचलून घडी घालायच्या टेबलावर बसवलं आणि वर मला म्हणाले, "आधी सांगायचं ना बेटी, मी काय कसाई आहे?" रातपाळीला कुणी बोलावलं नाही. त्यांचे आकडे देखणे होते.

दोन वर्षांनी काळूकाकांचा फोन आला. तोवर मी शिकवायला लागले होते. "सजीवन गेला," ते म्हणाले. "गावाला गेलता. दमानं गेला." मी अरेरे म्हटलं. फोन कुणी ठेवेना. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "पोरी, बरी हाईस ना?" मी हो म्हटलं. डॉक्टरांनी त्याला वाचवलं असतं का, मला सांगता येणार नाही. दम किती जुना होता, छातीत आणखी काय होतं, कुणी पाहिलंच नाही. पाहिलं गेलं नाही याला कारण एक कागद, आणि त्या कागदावर सही माझी.

त्यानंतर मी भिवंडीला गेले की मानकोलीचा रस्ता टाळायला लागले. सणाला फोन करायची, तेही काकींशी बोलून ठेवायची. पुढे कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले, काळूकाकांच्या गावाभोवती गोदामं उठली. हे सगळं मला इतरांकडून कळत होतं. मग एकदा काकींनीच फोन केला की काकांचं हृदय फार थकलं आहे, डॉक्टर आता काही सांगत नाहीत, आणि ते तुझं नाव काढतात.

गेले. मुद्दाम ठरवून गेले, की आज सांगायचं. काळूकाका ओटीवर खाटेवर उशा लावून बसले होते. छाती तशीच रुंद, फक्त आतलं माणूस लहान झाल्यासारखं. मला पाहून हसले, काकींना चहा टाकायला सांगितलं, माझ्या मुलाचं विचारलं, कॉलेजचं विचारलं. मग म्हणाले, "बस हितं जवळ. तुला एक सांगाचं हाय. लय वर्सं पोटात हाय."

मला वाटलं, पाया पडून आधी आपणच बोलावं. पण त्यांनी सुरुवात केलीसुद्धा.

"त्या रातपाळीचे नऊ जण हायत ना, ते एक बी फुंकला न्हाय. समदे मीच फुंकलो." ते थांबून थांबून बोलत होते. "सजीवन रडत व्हता. म्हणला, चाचा, कागज में कम आया तो सेठ निकाल देगा, गाँव में चार खानेवाले हैं. मना वाटलं, हजेरीच हाय ही. बदली मारली. एकाची मारली तं दुसऱ्याला न्हाय कसं म्हणाचं?"

त्यांनी उशीला पाठ टेकून दम घेतला.

"पन मना ठावं व्हतं पोरी. मी त्याच्या पाठीवर हात टेकला व्हता. बेअरिंग गेलेलं हाताला कळतं, तं ते न्हाय कळनार? आतून घरघर येत व्हती. तुझ्या मशीनला ती दिसली असती. मी दिसू दिली न्हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यो गेला तवापास्न मना झोप न्हाय. सजीवनला मी मारला, आन् तुला फसवली. तुझा काय दोस? तू इस्वासानं मशीन ठेवून गेलीस."

आता सांगायचं होतं. काका, मला माहीत होतं. एवढंच. नऊच्या नऊ मी ओळखले होते, त्याच दुपारी, आणि तेव्हा रामसजीवन जिवंत होता, दोन वर्षं जिवंत होता. हे एकदा बोलले असते तर त्या माणसाच्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं असतं. निम्म्याहून जास्तच. त्यांनी जे केलं ते एका रडणाऱ्या माणसासाठी केलं. मी जे केलं ते बक्षिसासाठी. आणि त्यांनी ते दोन्ही आपल्या एकट्याच्या नावावर घेऊन इतकी वर्षं काढली होती.

काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल एवढा आदर होता.

मी म्हटलं, "काका, झालं ते झालं. मी मनात काही धरलेलं नाही."

त्यांनी दोन्ही हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी ते हात धरून खाली करायला हवे होते. मी नुसती बसून राहिले.

त्यानंतर ते इतके मोकळे झाले की बघवेना. चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. काकी म्हणाल्या, आठ दिवसांत यांनी एवढं खाल्लं नव्हतं. मी निघाले तर कुणाचं न ऐकता काठी घेऊन उठले आणि गोदामांच्या भिंतीकडेने हळूहळू रस्त्यापर्यंत आले. दर दहा पावलांवर थांबायचे, मान वर करून हसायचे आणि पुन्हा चालायचे. रिक्षा त्यांनीच थांबवली. मी आत बसल्यावर वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर तळवा टेकवला.

"सावकास ने रं," ते म्हणाले. "आमची मास्तरीण हाय. लय मोठ्या मनाची हाय."

रिक्षा सुटली तेव्हा ते काठीवर भार देऊन एक हात वर करून उभे होते. मीही हात वर केला.